मिठाच्या मागोमाग: साल्झकामरगुटला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावाचा फोटो तुमच्या मोबाइलवरही कधीतरी येऊन गेला असेल. तळ्याकाठी डोंगराला बिलगलेली लाकडी घरं, मधोमध चर्चचा टोकदार मनोरा, मागे सरळ उभा कातळ. बरेचसे लोक हाच फोटो काढायला बसने येतात, दोन-तीन तास थांबतात आणि पुढच्या गावाला निघतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. नंतर लिंट्झमध्ये नोकरी करत असताना पुन्हा पुन्हा जाणं झालं, एकदा सांगलीहून आलेल्या आई-बाबांना घेऊन. तेव्हा हळूहळू उमगलं की ते गाव एकटं पाहून कळत नाही. डोंगरात मीठ, पलीकडच्या खोऱ्यात जंगल, आणखी खाली नदी आणि बाजार, असा सगळा जिल्हा एका धाग्यात ओवलेला आहे. त्या धाग्याच्या दिशेने, म्हणजे मीठ जसं वरून खाली गेलं तसंच, आपणही जायचं. तीन दिवस पुरतात. ते कसे आखायचे, कुठे फसायला होतं आणि सोबत काय हवं, ते क्रमाने सांगते.

१. आधी नकाशा समजून घ्या

साल्झकामरगुट हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या तीन प्रांतांत पसरलेला आहे. आपल्याला ज्याच्याशी काम आहे तो बहुतांश भाग अप्पर ऑस्ट्रियातल्या ग्मुंडेन जिल्ह्यात येतो. दक्षिणेला २,९९५ मीटर उंचीचा डाखश्टाइन, त्याच्या पायथ्याशी हालश्टाटचं तळं. तिथून ट्राउन नदी उत्तरेला निघते, गोईझर्न, बाड इशल, एबेनझे अशी गावं घेत ट्राउनझे नावाच्या मोठ्या तळ्यात उतरते, आणि तळ्याच्या उत्तर टोकाला ग्मुंडेन शहर आहे. आगगाडीचा फाटाही याच नदीच्या सोबतीने जातो. एवढी एक रेघ डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं.

नावातला 'साल्झ' म्हणजे मीठ. 'कामरगुट' म्हणजे राजाच्या खजिन्याची खासगी मालमत्ता. मीठ हा हाब्सबुर्ग राजघराण्याचा मक्ता होता, त्यामुळे इथलं जंगल, नदी, रस्ते, माणसांचं येणं-जाणं, सगळं ग्मुंडेनमधल्या मीठ-कचेरीच्या हुकमाखाली चालायचं. अठराव्या शतकात इथल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना उचलून थेट ट्रान्सिल्व्हेनियात नेऊन बसवलं, ते याच सत्तेच्या जोरावर.

इथे पहिला सापळा आहे. या भागात 'हाल' हा शब्द असलेली, मिठाशी नातं सांगणारी गावं बरीच आहेत: हालश्टाट, हालाइन, टिरोलमधलं हाल, जर्मनीतलं बाड राइशेनहाल. हालश्टाट, हालाइन आणि आल्टआउसे इथल्या तिन्ही खाणी पर्यटकांसाठी 'साल्झवेल्टेन' या एकाच नावाने चालतात. मी घाईत हालाइनचं तिकीट काढून बसले होते, आणि ते लक्षात आलं निघायच्या आदल्या रात्री. हालाइन साल्झबर्गच्या जवळ, हालश्टाटहून बरंच लांब. तिकीट काढताना गावाचं नाव दोनदा वाचा.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, व्हिसा लागतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो देता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. मे-जूनच्या सुट्टीसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घेऊन ठेवा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. मोठ्यांचं शुल्क ९० युरो, त्यावर केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

लागणारे कागद:
- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी
- भरून सही केलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे ताजे फोटो
- निदान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- विमानाचं येण्या-जाण्याचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचे गेल्या काही महिन्यांचे खातेउतारे, आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद

दोन गोष्टी लोक विसरतात. ज्या देशात सगळ्यांत जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. चार रात्री स्वित्झर्लंड आणि तीन ऑस्ट्रिया असेल, तर अर्ज स्विसकडे जातो. आणि मुलगा किंवा मुलगी ऑस्ट्रियात राहत असेल, तर तिथल्या पोलिस कार्यालयात जाऊन हमीपत्र करता येतं. त्याचा क्रमांक आई-वडिलांच्या अर्जासोबत जोडायचा. आमच्या वेळी या एका कागदाने बाकीचे अर्धे प्रश्न मिटवले.

३. मुक्काम हालश्टाटला करू नका

हे वाचून काहींना वाईट वाटेल, पण माझं मत पक्कं आहे. हालश्टाटची लोकवस्ती आठशेच्याही आत आहे. खोल्या थोड्या आणि महाग, गाडी गावात नेता येत नाही, सामान ओढत दगडी चढ चढावा लागतो. बाड इशल किंवा बाड गोईझर्नला राहा. दोन्ही गावं त्याच रेल्वेमार्गावर आहेत, वाणसामानाची दुकानं आहेत, आणि इशलहून हालश्टाट गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तमच. शाकाहारी असाल तर ते किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी डोंगरातलं आहे आणि निर्धास्त प्यावं.

४. आगगाडी, आणि मग नाव

साल्झबर्ग किंवा व्हिएन्नाहून मुख्य मार्गाने आटनांग-पुखहाइमला उतरायचं. तिथून साल्झकामरगुटच्या फाट्यावरची गाडी. हा फाटा १८७७ साली सुरू झाला. दक्षिणेकडे जाताना आधी डाव्या हाताला बसा, ट्राउनझे तिकडून दिसतं. इशल गेलं की उजवीकडे सरका, कारण हालश्टाटचं तळं त्या बाजूला येतं.

हालश्टाट स्टेशनवर उतरल्यावर गाव कुठेच दिसत नाही, आणि नवीन माणूस घाबरतो. घाबरू नका, गाव समोरच्या काठावर आहे. स्टेशनमधून पायवाट थेट धक्क्यावर उतरते, आणि गाडीच्या वेळेला धरून एक छोटी बोट पलीकडे जाते. दहा मिनिटांचा प्रवास. तिचं तिकीट रेल्वेच्या तिकिटात धरलेलं नसतं, म्हणून थोडे सुटे युरो हाताशी असू द्या.

सापळा संध्याकाळचा आहे. रात्री गाड्या धावतात, बोट धावत नाही. परतीची शेवटची बोट किती वाजता ते गावात पाऊल ठेवताच धक्क्यावरच्या पाटीवर बघून घ्या, फोटो काढून ठेवा. उशीर होणारच असेल, तर गोईझर्नकडे जाणारी बस गावाच्या लान भागातून सुटते, तिचंही वेळापत्रक पाहून ठेवा.

५. पहिला दिवस: खाणीत जाण्यापूर्वी

लानमधून डोंगरावर तिरकी चढणारी रेल्वे आहे. ती वरच्या खोऱ्याच्या तोंडाशी सोडते. तिथून खाणीचा दरवाजा दहा-पंधरा मिनिटं चढावर आहे. खाण आणि ही रेल्वे हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात, दुरुस्तीसाठीही बंद राहतात. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी खाणीच्या संकेतस्थळावर त्या तारखा पाहा. हे काम उलट्या क्रमाने केलेले लोक मी पाहिले आहेत, सगळं मिळालं आणि खाणच बंद.

आत वर्षभर ८ अंश तापमान असतं. बाहेर जुलैचं ऊन असलं तरी स्वेटर हवाच. पाय झाकणारे, न घसरणारे बूट घाला, चपला-सँडल नकोत. अंगावर चढवायला जाडे कपडे खाणीवाले देतात, म्हणून साडी किंवा लांब ओढणी टाळा. आईने आदल्या दिवशी ऐकलं नाही, आणि मग प्रवेशद्वारापाशी निऱ्या विजारीत कोंबण्यात आमची पंधरा मिनिटं गेली. चार वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत.

आत चालणं बरंच आहे, पायऱ्याही आहेत. लाकडी घसरगुंड्या येतात, त्यातली मोठी ६४ मीटर लांब. खाणकामगार खालच्या मजल्यावर जायला त्याच वापरत. गुडघे दुखत असतील तर शेजारून जिना आहे, कोणी जबरदस्ती करत नाही. बाहेर येताना छोट्या गाडीच्या लाकडी फळीवर घोड्यावर बसल्यासारखं एकामागे एक बसायचं. गुडघे आणि कोपर आत ठेवा, बोगदा खरोखरच अंगालगत जातो. माहिती जर्मन आणि इंग्रजीत मिळते. वर जाणं, खाण आणि खाली येणं मिळून तीन तास धरा, त्याहून कमी नको.

६. आत काय पाहायचं

इथे थोडं थांबते, कारण काय पाहतोय हे माहीत नसेल तर ही खाण म्हणजे नुसते दिवे आणि बोगदे वाटतात.

आपल्याला मीठ समुद्राचं माहीत. उपवासाच्या सैंधवामुळे खडकातल्या मिठाचीही ओळख असते, पण इथला खडक तसा नितळ गुलाबी नाही. मीठ, चिकणमाती आणि जिप्सम यांचा गोळा झालेला करडा-तांबूस डोंगर आहे. अगदी जुन्या काळी लोक कांस्याच्या कुदळींनी त्यातले मिठाचे थर फोडून काढत. पुढे मध्ययुगापासून वेगळी रीत आली. डोंगरात पोकळी करायची, तिच्यात गोडं पाणी सोडायचं, मीठ विरघळू द्यायचं, माती तळाशी बसू द्यायची आणि वरचं खारं पाणी काढून घ्यायचं. याला इथे 'सोले' म्हणतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, या पाण्यात ३०० ग्रॅमच्या वर. आजही हीच रीत चालू आहे. तुम्ही पर्यटक म्हणून फिरता तो भाग सोडला तर हा डोंगर अजून कामावर आहे.

लाकडी जिना चुकवू नका. तो २००३ साली खाणीत सापडला. झाडाच्या वर्षवलयांवरून त्याचं लाकूड इ.स.पू. १३४४ च्या सुमारास तोडलेलं ठरलं. युरोपात सापडलेला हा सगळ्यांत जुना लाकडी जिना मानतात. पायरीची फळी हवी तशी तिरपी करता येते, म्हणजे डोंगराने दाब देऊन जिना वाकवला तरी पायरी सपाट ठेवता यावी. माझे बाबा आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. ते त्या काचेसमोरून हलायलाच तयार नव्हते.

लाकूड, कातडं, लोकर, दोर, हे सगळं मिठाने टिकवलं. कातडी पाठपिशव्या सापडल्या, मशालीच्या हजारो जळक्या काड्या सापडल्या, लहान मुलांच्या मापाची पादत्राणं सापडली. माणसांची विष्ठासुद्धा टिकली. २०२१ मध्ये तिच्या तपासणीतून कळलं की २,७०० वर्षांपूर्वीचे इथले कामगार निळ्या बुरशीचं चीज खात आणि बिअर पीत. जव, बाजरीच्या जातीचं धान्य, घेवड्यासारख्या मोठ्या शेंगांचे दाणे आणि मांस एकत्र शिजवलेलं त्यांचं रोजचं जेवण 'रिचर्ट' या नावाने अजूनही ऑस्ट्रियात करतात.

१७३४ साली खाणीत मिठात जपलेला एक माणूस सापडला, दरडीखाली गाडला गेलेला. त्याला गावात पुरलं आणि तो कायमचा गेला. गाईड हे दोन वाक्यांत सांगून पुढे जातो, पण मला दरवेळी तिथे थोडं थांबावंसं वाटतं.

७. खोऱ्यातून सरळ खाली धावू नका

खाणीतून बाहेर आल्यावर सगळे गाडीकडे पळतात. तुम्ही खोऱ्यातच रेंगाळा. याच गवताखाली प्राचीन दफनभूमी आहे. खाणीचा अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर याने १८४६ ते १८६३ या काळात इथे ९८० कबरी उघडल्या, आणि प्रत्येकीतली मांडणी जलरंगांत नोंदवून ठेवली. तेव्हा छायाचित्रण नवखं होतं, पुरातत्त्व ही शाखाही धड उभी राहिलेली नव्हती. खाणीत वाढलेल्या माणसाची ती शिस्त होती. त्या सापडलेल्या वस्तूंवरून मध्य युरोपातल्या सुरुवातीच्या लोहयुगाला, साधारण इ.स.पू. ८०० ते ४५०, 'हालश्टाट संस्कृती' हे नाव पडलं.

कबरींत बाल्टिक समुद्राकडचा अंबर निघाला, तलवारीच्या मुठीला आफ्रिकेतलं हस्तिदंत निघालं. या अडचणीच्या खोऱ्यात ते आलं मिठाच्या बदल्यात. हाडांवरच्या स्नायूंच्या खुणांवरून बायकाही खांद्यावर ओझी वाहत होत्या, मुलंही कामाला होती, असं संशोधक सांगतात. म्हणजे श्रीमंत कबरींतली ही माणसंसुद्धा राबलेली होती. हे मला त्या हस्तिदंतापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

रुडोल्फ टॉवर १२८४ मध्ये खाणीच्या रक्षणासाठी बांधला. त्याच्याजवळून पुढे आलेल्या सज्ज्यातून गाव ३५० मीटर खाली दिसतं. गुडघे ठीक असतील तर उतरताना गाडी सोडा आणि जुन्या वळणवाटेने पायी या, तासभर लागतो. पाऊस असेल तर मात्र नको. इथला पाऊस बारीक दोऱ्यांसारखा दिवसभर पडतो, आपल्याकडच्या श्रावणझडीसारखा, आणि दगड शेवाळतात. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

८. गावात वागण्याबद्दल

सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर गाव पाहा. मधल्या वेळात बसगाड्यांची गर्दी असते. १९९७ मध्ये हा परिसर जागतिक वारसा झाला, २०१२ मध्ये चीनने ग्वांगडोंग प्रांतात गावाची प्रतिकृतीच उभारली, आणि २०२३ मध्ये गर्दीला कंटाळून गावकऱ्यांनी निदर्शनं केली. कोणाच्या अंगणात पाऊल टाकू नका, खिडकीतून फोटो नकोत, दगडी गल्लीत चाकांची बॅग पहाटे ओढू नका. ड्रोन तर आणूच नका. समोरच्याला 'ग्र्यूस गॉट' म्हणा, म्हणजे आपला नमस्कार. खाणीत म्हणायचं 'ग्लुक आउफ'. कामगार सुखरूप वर यावा म्हणून खाणीतली ही जुनी सदिच्छा.

वरच्या चर्चजवळचं अस्थिगृह छोटं आहे, पाहून या. डोंगर आणि तळ्याच्या मध्ये पुरायला जागाच नव्हती. म्हणून काही वर्षांनी कबर उघडून कवट्या स्वच्छ करत, त्यावर नाव आणि पानाफुलांच्या माळा रंगवत आणि इथे घराण्यावार मांडून ठेवत. सुमारे १,२०० कवट्या आहेत, त्यातल्या सहाशेवर रंगवलेल्या. आई आत आली नाही, बाहेर बाकावर बसून राहिली. तेही चालतं. आत गेलात तर आवाज खाली ठेवा, या गावातल्या आजच्या लोकांच्या पणज्या आहेत.

जेवणाबद्दल इथेच सांगते. 'ओने फ्लाइश, ओने फिश' म्हणजे मांस नको, मासे नकोत. पण एवढ्याने भागत नाही. पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं सूप शाकाहारी दिसतं, त्यातला रस्सा मात्र गोमांसाचा असतो. सुपाबद्दल नेहमी वेगळं विचारा. चीजमध्ये परतलेले 'केझश्पेट्सले' आणि गोडातला 'कायझरश्मार्न' हे दोन पदार्थ सहसा धोका देत नाहीत. फक्त कायझरश्मार्नमध्ये अंडं असतंच आणि केझश्पेट्सलेच्या पिठातही असतं. अंडं चालत नसेल तर खोलीवरचा वरणभात बरा. मासे खाणाऱ्यांनी तळ्यातला 'राइनांके' जरूर घ्यावा.

९. दुसरा दिवस: नळाच्या वाटेने

हा दिवस बहुतेक प्रवासयोजनांत नसतो, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा हाच.

उरण-पेणच्या मिठागरांत पाणी आटवायला ऊन फुकट मिळतं. इथे ऊन नाही, पाऊस आणि धुकं. खारं पाणी मोठ्या कढयांत चढवून दिवसरात्र जाळ घालावा लागे. त्यासाठी लागणाऱ्या लाकडापायी हालश्टाटभोवतीची जंगलं विरळ होत गेली. तेव्हा प्रश्न पडला: लाकूड मिठाकडे आणायचं की खारं पाणी लाकडाकडे न्यायचं? त्यांनी पाणी न्यायचं ठरवलं. १५९५ ते १६०७ या बारा वर्षांत सुमारे १३,००० झाडांची खोडं आतून पोखरून, एकाला एक जोडून, हालश्टाटपासून एबेनझेपर्यंत जवळपास ४० किलोमीटरचा नळ टाकला. पंप नव्हता. डोंगराच्या कडेने नेमका उतार सांभाळत पाणी आपसूक वाहत नेलं. नळ आता नव्या सामग्रीचा आहे, पण वाट बरीचशी तीच आणि पाणी अजून वाहतंय. काम करत असलेली ही जगातली सर्वांत जुनी पाइपलाइन म्हणतात.

त्या नळाच्या डागडुजीसाठी जी पायवाट होती ती आज 'सोलेवेग' म्हणून चालायला खुली आहे. अख्खी चालायची गरज नाही. हालश्टाटहून उत्तरेला गोसाउच्या ओढ्यापर्यंतचा तुकडा घ्या. तिथे अठराव्या शतकात दरीवर उंच दगडी खांब उभारून नळ पलीकडे नेला आहे. खालून मान वर करून पाहिलं की या सगळ्या उद्योगाचा आवाका कळतो.

सोबत डोंगरात चालायचे बूट, पाणी, सुकामेवा, रेनकोट आणि मोबाइलमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा ठेवा. दरडी कोसळत असल्यामुळे वाटेचे काही टप्पे अधूनमधून बंद असतात. निघण्याआधी गावातल्या पर्यटन कार्यालयात विचारा, आणि वाटेवर बंदची पाटी दिसली तर मागे फिरा. १८९० मध्ये तळ्याकाठी सुरुंग लावून रस्ता काढेपर्यंत हालश्टाटला यायला बोट किंवा असल्याच अरुंद पायवाटा होत्या. एक तास चाललात तरी त्याचा अर्थ पायाला समजतो.

दुपारी बाड इशल. खाणीच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाऱ्या पाण्याच्या स्नानाचे उपचार सुरू केले, आणि मिठाचं गाव राजघराण्याचं उन्हाळी गाव झालं. राजघराण्यातल्या, मूल होत नसलेल्या सोफीला इथल्या पाण्याचा गुण आला असं मानलं गेलं, आणि तिच्या मुलांना लोक 'मिठाचे राजपुत्र' म्हणू लागले. त्यातला थोरला म्हणजे सम्राट फ्रान्झ योझेफ. त्याच्या वाड्यात, कायझरविलात, लेखनाच्या टेबलापाशी जरा थांबा. २८ जुलै १९१४ ला सर्बियाविरुद्धच्या युद्धाचा जाहीरनामा त्याने इशलमध्येच काढला. त्यातून पेटलेल्या पहिल्या महायुद्धाच्या ओघात ब्रिटिश हिंदी सैन्यातली, पुण्याचं नाव असलेली सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात अडकली, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. इतक्या शांत बागेतल्या घराचा आपल्या गावांशी असा संबंध निघेल हे मला तिथे उभं राहीपर्यंत सुचलं नव्हतं.

१०. तिसरा दिवस: एबेनझे आणि ग्मुंडेन

एबेनझेला एकाहून जास्त थांबे आहेत. तळ्याकाठी, बोटीजवळ उतरायचं असेल तर 'एबेनझे लांडुंग्सप्लाट्झ', गावात जायचं तर 'एबेनझे'. नळाचं पाणी इथे येतं, आणि मिठाचा कारखाना आजही इथेच आहे.

एबेनझेत आणखी एक जागा आहे, तिथे जा असं मी आग्रहाने सांगेन. नोव्हेंबर १९४३ पासून ६ मे १९४५ पर्यंत इथे नाझींच्या माउटहाउझेन छळछावणीची शाखा होती. शस्त्रनिर्मिती जमिनीखाली हलवण्यासाठी कैद्यांकडून डोंगरात प्रचंड बोगदे खोदून घेतले. आठ हजारांहून जास्त माणसं मेली. एक बोगदा स्मारक म्हणून ठेवला आहे. तो ठरावीक महिन्यांतच उघडा असतो, म्हणून वेळ आधी पाहा. स्टेशनपासून चालत बरंच अंतर आहे, आणि आत खाणीसारखीच थंडी. लहान मुलांना नेऊ नका. त्या दिवशी दुसरं फारसं काही ठरवू नका.

दुसऱ्या महायुद्धात मिठाच्या खाणीचा काय उपयोग झाला ते पाहायचं असेल, तर एक दिवस वाढवून शेजारच्या श्टायरमार्क प्रांतातल्या आल्टआउसेला जा. नाझींनी लुटलेली हजारो चित्रं, मायकेलअँजेलोचा बेल्जियममधल्या ब्रूज शहरातला मॅडोनाचा पुतळा, तिथल्याच गेंट शहरातल्या चर्चचं वेदीचित्र, हे सगळं तिथल्या खाणीत दडवलं होतं. शेवटच्या दिवसांत स्थानिक नाझी प्रमुखाने ती उडवून देण्यासाठी संगमरवराच्या नावाखाली पेट्यांत बॉम्ब आत नेले. खाणकामगारांच्या साथीने ते बाहेर काढले गेले आणि बोगद्यांची तोंडं सुरुंगाने बुजवून चित्रं सुरक्षित केली. तिथे बस बाड आउसे स्टेशनवरून मिळते.

एबेनझेहून उन्हाळ्यात बोटीने ग्मुंडेनला जाता येतं. बोट नसेल तर गाडी आहेच. मीठ ट्राउन नदीतून नावांनी पुढे डॅन्यूबकडे जाई, आणि १८३६ मध्ये तर मिठासाठी लिंट्झपासून इथवर घोड्यांनी ओढायची रेल्वे आली. जुन्या मीठ-कचेरीच्या इमारतीत, कामरहोफमध्ये, आता संग्रहालय आहे. तीन दिवस ज्या डोंगरात, वाटेवर, कढईपाशी फिरलात त्या सगळ्याचे हिशेब इथे बसून ठेवले जात होते. म्हणून ते शेवटी पाहा, आधी पाहिलंत तर नुसत्या नोंदवह्या वाटतील. सोमवारी बंद तर नाही ना, एवढं तपासा.

परतीला ग्मुंडेनहून आटनांग-पुखहाइम जवळ आहे, तिथून साल्झबर्ग आणि व्हिएन्ना दोन्हीकडे गाड्या मिळतात. घरी न्यायला मीठ घेणार असाल, तर खाणीच्या दुकानापेक्षा इशलच्या साध्या वाणसामानाच्या दुकानात 'बाड इशलर' छापलेलं पाकीट बरंच स्वस्त पडतं. ते हातातल्या बॅगेत ठेवू नका. पांढरी पूड पाहून विमानतळावर बॅग उघडायला लावतात आणि रांगेत वेळ जातो. खाली जाणाऱ्या सामानात, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून टाका.